वॉशिंग्टन नसता तर अमेरिका एकसंध राहिली असती का?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "राज्यघटनेचा आराखडा मॅडिसनचा, तिजोरीची घडी बसवली हॅमिल्टनने, परराष्ट्र खातं सांभाळलं जेफरसनने. मग देश एकसंध ठेवण्याचं श्रेय वॉशिंग्टनला का देतात? तो नसता तर खरंच काही अडलं असतं का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. अडलं असतं. पण कायमचं नाही, आणि प्रत्येक बाबतीतही नाही. १७८७ पासून साधारण १७९२ पर्यंत त्या संघराज्याला वॉशिंग्टनवाचून दुसरा आधार नव्हता. १७९३ नंतर तो होता हे बरं झालं, एवढंच म्हणता येतं. आणि १७९६ मध्ये त्याने पद सोडायचं ठरवून तसं जाहीर केलं, हेच देशाच्या फायद्याचं ठरलं. 'अनिवार्य होता का' या प्रश्नाला साल जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही, हे सत्तावीस वर्षं हा पेपर शिकवल्यावर माझं पक्कं मत झालं आहे. ते कसं झालं, ते जरा विस्ताराने सांगते.

मुळात ज्या एकतेबद्दल आपण बोलतो, ती तेव्हा किती होती? ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलच्या सज्जात वॉशिंग्टनने शपथ घेतली, तेव्हा तेरापैकी अकराच राज्यं संघात होती. नॉर्थ कॅरोलायनाने घटनेला संमती दिली नव्हती, आणि ऱ्होड आयलंड तर ऐकायलाच तयार नव्हतं. ज्या शहरात शपथविधी झाला, त्या न्यूयॉर्क राज्याने अध्यक्षाच्या निवडणुकीत मतच दिलं नव्हतं, कारण मतदार-प्रतिनिधी कसे निवडायचे यावरून तिथल्या विधिमंडळाच्या दोन सभागृहांचं जमलं नाही. घटना मंजूर झालेल्या राज्यांतही पारडं अगदी थोडक्यात झुकलं होतं. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. 'माझा देश' म्हणताना व्हर्जिनियाच्या माणसाच्या मनात व्हर्जिनिया असे आणि मॅसॅच्युसेट्सच्या माणसाच्या मनात मॅसॅच्युसेट्स. घटनेआधीच्या व्यवस्थेत, म्हणजे आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनखाली, काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता आणि कुठलीही दुरुस्ती करायची तर तेराच्या तेरा राज्यांचा होकार लागे. आयात मालावर पाच टक्के जकात घ्यावी, हा साधा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने अडवून धरला होता.

अशा लोकांनी एक नवीन, बळकट, एकहाती राष्ट्राध्यक्षपद मान्य केलं. नुकतंच एका राजाशी आठ वर्षं लढलेल्या लोकांनी. असं का, याचं उत्तर १७८७ मध्ये घटना तयार करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेत हजर असलेल्या पिअर्स बटलर या प्रतिनिधीच्या पत्रात आहे. तो १७८८ मध्ये लिहितो की बऱ्याच सदस्यांची नजर जनरल वॉशिंग्टनकडे होती, आणि अध्यक्षाला किती अधिकार द्यायचे हे त्यांनी त्याच्या सचोटीवर विसंबून ठरवलं. नाही तर एवढे अधिकार दिलेच नसते. खुर्ची करताना तिच्यावर बसणाऱ्याचं माप आधी घेतलं होतं. जेम्स मन्रोचं मत तर याहून वजनदार आहे, कारण त्याने व्हर्जिनियात घटनेच्या विरोधात मत दिलं होतं. त्याने जुलै १७८८ मध्ये जेफरसनला कळवलं की खात्री बाळग, हे सरकार वॉशिंग्टनच्या वजनानेच तरलं. विरोधकाने दिलेली ही साक्ष आहे, म्हणून मी ती वर्गात नेहमी वाचून दाखवते.

हा विश्वास कुठून आला? लढाया जिंकल्यामुळे, असं उत्तर पेपरात येतं. पण वॉशिंग्टनने जितक्या लढाया जिंकल्या त्याहून जास्त हरल्या. विश्वास आला तो १७८३ मधल्या दोन प्रसंगांतून. मार्चमध्ये न्यूबर्गच्या छावणीत पगार थकलेले अधिकारी काँग्रेसवर दबाव आणायच्या बेतात होते. सैन्याने सत्तेला धमकावण्याच्या ते अगदी जवळ आले होते. वॉशिंग्टन त्यांच्या सभेत गेला, भाषण केलं, त्याचा फारसा परिणाम झाला नाही. मग एका काँग्रेस सदस्याचं पत्र वाचायला घेतलं, अडखळला, आणि खिशातून चष्मा काढला. त्याला चष्मा लागतो हे बहुतेकांना माहीत नव्हतं. तो म्हणाला, "माफ करा, देशाची सेवा करता करता माझे केस तर पिकलेच, आता दिसेनासंही होत चाललंय." समोरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो बेत तिथेच संपला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला अ‍ॅनापोलिसला त्याने सेनापतिपदाचा राजीनामा काँग्रेसच्या हाती दिला आणि घरी गेला. सत्ता हातात असताना ती परत करणारा माणूस, ही त्याची खरी मिळकत. आणखी एक गोष्ट या मिळकतीत धरायला हवी: त्याला स्वतःचं मूल नव्हतं. हा गादी कुणाला देणार, ही शंकाच कुणाच्या मनात येत नव्हती.

आता एक प्रसंग जवळून बघू, कारण 'एकता' हा शब्द फार मोघम आहे आणि तो रोजच्या व्यवहारात कसा दिसत होता ते यात कळतं.

ऑक्टोबर १७८९. वॉशिंग्टन न्यू इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला होता. ऱ्होड आयलंड अजून संघाबाहेर, म्हणून तिथे पाऊलही टाकायचं नाही, हे त्याने ठरवून घेतलं होतं. २४ तारखेला, शनिवारी, तो बॉस्टनला पोहोचला. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता जॉन हॅनकॉक. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्याची सगळ्यांत मोठी सही आहे, तोच. हॅनकॉकने त्याला घरी जेवायला बोलावलं होतं. पण तो स्वतः भेटायला आला नाही. निरोप पाठवला की प्रकृती बरी नाही. म्हणजे राष्ट्राध्यक्षाने गव्हर्नरच्या दारी जायचं. दिसायला ही मानपानाची बाब, पण मुद्दा घटनेचा होता. मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीत मोठा कोण, राज्याचा गव्हर्नर की संघाचा अध्यक्ष? वॉशिंग्टनने त्या दिवशी हॅनकॉककडे जेवायला जायला नकार दिला आणि मुक्कामाच्या जागीच जेवला. ना भांडण, ना जाहीर तक्रार. रोजनिशीत मात्र त्याने नोंदवून ठेवलं की पहिली भेट घ्यायला गव्हर्नरने यावं, असं आपण ठरवलं आहे.

रविवारी हॅनकॉकचा निरोप आला की तब्येतीचा धोका पत्करून अर्ध्या तासात येतो. वॉशिंग्टनने उत्तर पाठवलं की दोन वाजेपर्यंत मी घरीच आहे, आपण आलात तर फार आनंद होईल, पण कृपा करून प्रकृतीला त्रास होईल असं काही करू नका. हॅनकॉक आला. पाय फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेले, नोकरांनी उचलून आत आणलेला, असं त्या भेटीबद्दल सांगतात. त्याने स्वतःच कबूल केलं की आधी अध्यक्षांनी यावं ही अपेक्षा गैर होती.

माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग सुरुवातीला किरकोळ वाटतो. मी त्यांना विचारते, वॉशिंग्टनच्या जागी त्याचा उपराष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स असता तर? अ‍ॅडम्स त्याच राज्याचा, हॅनकॉकला बरोबरीचा. त्याने नकार दिला असता तर लोकांनी तो गर्व मानला असता, आणि गेला असता तर पायंडा पडला असता. संघाचा अध्यक्ष राज्यांच्या वर आहे, हे घटनेत लिहिलेलं असणं वेगळं आणि एका आडमुठ्या, लोकप्रिय गव्हर्नरला ते चारचौघांत मान्य करायला लावणं वेगळं. पहिलं काम मॅडिसनचं. दुसरं काम त्या वर्षी दुसऱ्या कुणालाच जमलं नसतं.

आता येते मे १७९०कडे. माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचं उत्तर त्या एका महिन्यात आहे.

वॉशिंग्टन पहिल्या वर्षभरात दोनदा मरणाच्या दारात जाऊन आला. जून १७८९ मध्ये मांडीला मोठं गळू झालं होतं. गाड्यांच्या चाकांचा आवाज होऊ नये म्हणून घरासमोर रस्त्यावर पेंढा अंथरावा लागला. दुसरं दुखणं मे १७९० मधलं. न्यूयॉर्कमध्ये फ्लूची साथ होती, त्यातून त्याला न्यूमोनिया झाला. १५ मेच्या सुमारास डॉक्टरांनी आशा सोडली होती. सिनेटर मॅक्लेने, जो त्याचा भक्त मुळीच नव्हता, भेटायला गेल्यावर सगळ्यांचे डोळे भरून आलेले पाहिले आणि तसं लिहून ठेवलं.

त्या आठवड्यात देशाची अवस्था काय होती ते बघा. युद्धात राज्यांनी काढलेली कर्जं केंद्राने आपल्या डोक्यावर घ्यावीत, ही हॅमिल्टनची योजना प्रतिनिधिगृहाने १२ एप्रिलला ३१ विरुद्ध २९ मतांनी फेटाळली होती. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना कर्जात बुडालेले, म्हणून त्यांना ती हवी. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडलेलं, त्यामुळे दुसऱ्यांचं ओझं आपण का वाहायचं, हा तिथला सवाल. योजना मंजूर झाली नाही तर संघात राहून उपयोग काय, असं उत्तरेकडचे उघड बोलू लागले होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध अर्ज दिले होते, आणि गुलामगिरीच संपवा अशा एका अर्जावर बेंजामिन फ्रँकलिनची सही होती. त्यावरून दक्षिणेकडच्या सदस्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं होतं. ऱ्होड आयलंड अजून बाहेरच होतं आणि त्याच्याशी व्यापार तोडण्याचं विधेयक सिनेटने १८ मे रोजी मंजूर केलं. राजधानी कुठे असावी, यावर वर्षभर नुसता घोळ चालू होता. आणि ज्या एका माणसाचं नाव वॉशिंग्टनच्या शेजारी घेतलं जाई, तो फ्रँकलिन १७ एप्रिलला वारला होता.

त्या दिवशी वॉशिंग्टन गेला असता तर? अध्यक्षपद अ‍ॅडम्सकडे गेलं असतं. अ‍ॅडम्स प्रामाणिक होता, विद्वान होता, धैर्याचा होता. पण १७८९ च्या निवडणुकीत ६९ पैकी ३४ मतदार-प्रतिनिधींनीच त्याला मत दिलं होतं. राष्ट्राध्यक्षाला भारदस्त पदवी हवी, या त्याच्या हट्टाने दक्षिणेकडचे लोक आधीच त्याच्याकडे राजेशाहीवाला म्हणून बघत होते. आणि तो न्यू इंग्लंडचा, म्हणजे कर्जाच्या भांडणात एका बाजूचा.

पुढे काय झालं ते माहीत आहे. वॉशिंग्टन बरा झाला. २९ मे रोजी ऱ्होड आयलंड ३४ विरुद्ध ३२ मतांनी, म्हणजे अवघ्या दोन मतांनी, संघात आलं. जूनमध्ये जेफरसनच्या घरी जेवणावर हॅमिल्टन आणि मॅडिसन भेटले आणि सौदा ठरला: कर्जं केंद्राकडे, राजधानी दक्षिणेत पोटोमॅक नदीकाठी. या सौद्याचं श्रेय त्या तिघांना जातं आणि ते योग्यच आहे. वॉशिंग्टन त्या टेबलावर नव्हता. पण १६ जुलैच्या राजधानीच्या कायद्यात काय लिहिलं आहे ते वाचा. पोटोमॅकवर नेमकी जागा कोणती, ती मोजणारे आयुक्त कोण, हे सगळं काँग्रेसने एकट्या अध्यक्षावर सोडलं. दहा वर्षांनी व्हायची राजधानी, उत्तरेकडच्यांना ती होईल असं वाटत नव्हतं, दक्षिणेकडच्यांना धाकधूक होती. दोन्ही बाजूंनी सही केली, कारण तारण म्हणून मध्ये वॉशिंग्टनचं नाव होतं. (जागा त्याच्या माउंट व्हर्ननच्या घराजवळ निघाली, ही टीका तेव्हाही झाली आणि ती चुकीची नव्हती.) अ‍ॅडम्सवर असा कोरा कागद कुणी सोपवला असता का? मला तरी वाटत नाही. देश त्याच वर्षी फुटला असता असं मी म्हणणार नाही. पण सौदा फिसकटला असता, कर्जाचा प्रश्न लोंबकळला असता, आणि अकरा-बारा राज्यांचा एक दुबळा संघ पुन्हा जुन्या वळणावर गेला असता, हे मला पुराव्यावरून सर्वांत संभाव्य वाटतं.

यावर तुमचा आक्षेप मला दिसतो आहे. व्यक्तीपेक्षा परिस्थिती मोठी असते, हे आम्हीच वर्गात शिकवतो. सरकारी रोखे ज्यांच्या हाती होते त्यांना बळकट सरकार हवंच होतं. व्यापाऱ्यांना एकच जकात हवी होती. उत्तरेला कॅनडात ब्रिटिश, दक्षिणेला आणि पश्चिमेला स्पेन, त्यामुळे लहान राज्यांना एकटं राहणं परवडणारं नव्हतं. हे सगळं खरं आहे, आणि १७९३ नंतर वॉशिंग्टनची गरज कमी झाली ती याच शक्तींमुळे. पण या शक्तींना काम करायला वेळ लागतो. रोख्यांना भाव यायला, जकातीचा पैसा वसूल व्हायला, कोर्टं बसायला चार-पाच वर्षं लागतात. ती वर्षं कुणीतरी काढून द्यावी लागतात. वॉशिंग्टनने देश बांधला नाही. बांधकाम वाळेपर्यंत त्याने तो आधार धरून ठेवला.

त्याची पद्धत काय होती, तेही सांगायला हवं. तो भांडणाऱ्यांना एका छपराखाली ठेवत असे. राष्ट्रीय बँकेचं विधेयक आलं तेव्हा जेफरसन आणि महाधिवक्ता रँडॉल्फ म्हणाले, घटनेत बसत नाही. त्याने दोघांची लेखी मतं हॅमिल्टनकडे पाठवली, त्याचं लेखी उत्तर मागवलं, सगळं वाचलं आणि २५ फेब्रुवारी १७९१ रोजी सही केली. हरलेल्या बाजूला आपलं म्हणणं नीट वाचलं गेलं हे ठाऊक होतं. ऑगस्ट १७९२ मध्ये त्याने जेफरसन आणि हॅमिल्टन यांना तीन दिवसांच्या अंतराने जवळपास सारखीच पत्रं लिहिली: एकमेकांना जरा सांभाळून घ्या, नाही तर हे यंत्र चालायचं नाही. ते काही फार सुधारले नाहीत. पण पहिली चार वर्षं दोघेही त्याच्या मंत्रिमंडळात टिकले, आणि दोघांपैकी कुणाचाही गट प्रत्यक्षात संघाबाहेर पडला नाही.

१७९२ मध्ये त्याला घरी जायचं होतं. मॅडिसनकडून निरोपाचा मसुदाही लिहून घेतला होता. त्या वेळी जेफरसनने २३ मे रोजी लिहिलेलं पत्र हा माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. हॅमिल्टनच्या धोरणांवर जेफरसन चिडलेला होता, सरकारवर नाराज होता. तरी त्याने लिहिलं की उत्तर आणि दक्षिण एकत्र राहतील, जर त्यांना धरायला तुम्ही असाल तर. वॉशिंग्टन थांबला. सगळ्या १३२ मतदार-प्रतिनिधींनी पुन्हा त्यालाच मत दिलं.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. पश्चिमेकडे वळलं की ती थोडी डळमळते.

अ‍ॅलेगेनी डोंगरांपलीकडचे शेतकरी हा संघाचा सर्वांत नाजूक सांधा होता. वॉशिंग्टनने तो मुलूख १७८४ मध्ये स्वतः फिरून पाहिला होता आणि लिहिलं होतं की तिथले लोक जणू अणकुचीदार टोकावर उभे आहेत, पिसाचा स्पर्श झाला तरी कुठल्याही बाजूला कलतील. कारण साधं होतं. डोंगरावरून धान्य पूर्वेला न्यायला परवडत नाही, मिसिसिपीतून खाली न्यू ऑर्लिन्सला न्यायचं तर नदीचं तोंड स्पेनच्या ताब्यात, आणि स्पेनने १७८४ पासून ते बंद केलेलं. केंटकीत स्पेनशी संधान बांधणारे लोक होते. हा सांधा शेवटी जोडला गेला तो ऑक्टोबर १७९५ च्या स्पेनबरोबरच्या तहाने, ज्यात मिसिसिपी खुली झाली आणि न्यू ऑर्लिन्सला माल उतरवायची मुभा मिळाली. तो थॉमस पिंक्नी या अमेरिकी दूताने केलेला तह होता आणि स्पेनच्या युरोपातल्या अडचणीमुळे जमून गेला. त्यात वॉशिंग्टनच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग फार थोडा. अध्यक्ष दुसरा असता तरी मिसिसिपी कधी ना कधी खुली झाली असतीच.

व्हिस्कीच्या बंडाचं मात्र तसं नाही, आणि इथे माझ्या कालरेषेला धक्का बसतो हे मी मान्य करते. पश्चिम पेनसिल्व्हेनियात धान्य गाळून व्हिस्की करत, कारण तीच घोड्यावर लादून नेता येई. कित्येक ठिकाणी ती पैशासारखी चाले. त्यावर १७९१ मध्ये अबकारी कर बसला, तोही रोखीने भरायचा. जुलै १७९४ मध्ये कर-निरीक्षक नेव्हिल याचं घर जाळलं गेलं. १ ऑगस्टला सुमारे सात हजार लोक पिट्सबर्गजवळ जमले. वॉशिंग्टनने आधी बोलणी करायला आयुक्त पाठवले आणि माफीची तयारी दाखवली. ते पुरलं नाही तेव्हा चार राज्यांचं जवळपास तेरा हजारांचं मिलिशिया, म्हणजे नागरिकांचं सैन्य, गोळा केलं आणि बासष्ट वर्षांचा हा माणूस स्वतः कार्लाइल आणि बेडफर्डपर्यंत गेला. सैन्य पोहोचेपर्यंत बंड विरून गेलं होतं. देशद्रोहाबद्दल दोघेच दोषी ठरले आणि दोघांनाही त्याने माफी दिली.

एका राज्यातल्या शेतकऱ्यांवर शेजारच्या राज्यांतल्या शेतकऱ्यांना शस्त्र घेऊन पाठवायचं, ते त्यांनी जायचं, आणि तरीही लढाई न होता सगळे परत यायचं. हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं का, याचं उत्तर मला ठामपणे देता येत नाही. हॅमिल्टनकडे सगळं सोपवलं असतं तर रक्त सांडलं असतं, एवढं मात्र मला वाटतं.

पण लगेच नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनने काँग्रेससमोरच्या भाषणात या बंडाचं खापर 'स्वयंघोषित मंडळां'वर, म्हणजे जेफरसनच्या विचारांच्या राजकीय मंडळांवर फोडलं. मॅडिसनला ती त्याची मोठी चूक वाटली, आणि मलाही वाटते. सगळ्यांचा म्हणून जो मान होता, तो त्या दिवशी एका बाजूला झुकला. १७९५ मध्ये जॉन जे याने ब्रिटनबरोबर केलेला जे-करार आला. सिनेटमध्ये २० विरुद्ध १०, लागेल तेवढी किमान दोन तृतीयांश मतंच. गावोगावी जॉन जेचे पुतळे जाळले गेले, वॉशिंग्टनवर वर्तमानपत्रांतून चिखलफेक झाली. २२ फेब्रुवारी १७९६ ला, त्याच्या वाढदिवशी, अर्धा तास काम थांबवून अभीष्टचिंतनाला जाऊ, हा साधा ठरावही प्रतिनिधिगृहाने फेटाळला. आधीच्या वर्षांत असा ठराव सहज होत असे. मला या ठरावाचं महत्त्व वेगळं वाटतं. त्या दिवशी सभागृहाने वॉशिंग्टनला नकार दिला आणि काहीही कोसळलं नाही. करार राबवायचा निधी एप्रिलअखेर ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाला, हरलेले लोक घरी गेले आणि पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागले. १७९० मध्ये हरलेले लोक संघ सोडायचं बोलत होते. सहा वर्षांत एवढा फरक पडला होता.

म्हणून १९ सप्टेंबर १७९६ ला फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात छापलेला त्याचा निरोप मी त्याच्या अनिवार्यतेचा शेवट मानते. त्यात त्याने उत्तर-दक्षिण, अटलांटिक-पश्चिम अशा भौगोलिक भेदांवर उभ्या राहणाऱ्या पक्षांबद्दल सावध केलं. लोक त्याचा उपदेश वाचतात. मला त्यातली कृती मोठी वाटते. अ‍ॅडम्स ७१ विरुद्ध ६८ असा जेमतेम जिंकला. १८०१ मध्ये जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा आरन बर यांची ७३-७३ अशी बरोबरी झाली, प्रतिनिधिगृहात छत्तीस फेऱ्या झाल्या, आणि तरी सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गोळी न झाडता गेली. तेव्हा वॉशिंग्टनला जाऊन वर्ष उलटलं होतं.

आता जे लिहिल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही, ते. ही एकता कुणाच्या जिवावर टिकली? क्वेकरांचे अर्ज १७९० मध्ये बाजूला सारले गेले, तेव्हा वॉशिंग्टनने एका पत्रात समाधानाने लिहिलं की तो विषय आता झोपी गेला आहे आणि १८०८ पूर्वी जागा होईल असं वाटत नाही (त्या सालापर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायला घटनेनेच मनाई केली होती). १२ फेब्रुवारी १७९३ रोजी त्याने पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत देण्याच्या कायद्यावर सही केली. मे १७९६ मध्ये, ज्या महिन्यांत तो आपल्या निरोपाच्या मजकुरावर हात फिरवत होता, त्याच्या फिलाडेल्फियाच्या घरातून ओना जज ही घरातली गुलाम, विशीतली तरुणी, घरची मंडळी जेवायला बसली असताना, बाहेर पडली आणि न्यू हॅम्पशरला पोहोचली. तिला परत आणण्यासाठी त्याने तिथल्या सरकारी जकात अधिकाऱ्यालाही कामाला लावलं. ती आली नाही. पुढे मृत्युपत्रात त्याने स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मुक्त करण्याची सोय केली, हेही खरं. पण अध्यक्ष असताना त्याने संघ आणि गुलामांचं स्वातंत्र्य यात संघ निवडला, दर वेळी.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी जे काम केलं ते १७९० मध्ये पुढे ढकललेलं काम होतं. ते यादवी युद्धातून, सहा लाखांहून अधिक जीव जाऊन झालं. वॉशिंग्टनने राखलेल्या एकतेचं मोल सांगताना हा आकडा त्याच हिशेबात लिहायला हवा. १७९० मध्ये गुलामगिरीवर घाव घातला असता तर जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना बाहेर पडले असते, असं त्याच्या बाजूने म्हणतात. कदाचित पडलेही असते. पण तो निर्णय ज्यांच्या आयुष्यावर झाला, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ओहायोच्या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांनाही नाही. १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सला त्यांचा पराभव झाला आणि पुढच्या वर्षीच्या तहाने त्यांची जमीन गेली, तेव्हा पश्चिमेकडच्या वसाहतवाल्यांचा केंद्र सरकारवर विश्वास बसला. संघ मजबूत झाला तो असाही झाला.

तुमच्या पेपरासाठी एक सूचना. 'वॉशिंग्टन की मॅडिसन-हॅमिल्टन' अशी तुलना करू नका, त्यात तुम्ही अडकाल. मे १७९० घ्या आणि जे-करारावर वॉशिंग्टनने सही केली तो ऑगस्ट १७९५ घ्या, दोन्ही ठिकाणी वॉशिंग्टन वजा करून बघा, आणि काय उरतं ते लिहा. परीक्षकाला तारखांवर उभा असलेला युक्तिवाद लगेच ओळखू येतो.

आणि उत्तराच्या शेवटी जागा उरली तर ४ मार्च १७९७ ची गोष्ट लिहा. फिलाडेल्फियात अ‍ॅडम्सचा शपथविधी झाला. समारंभ संपल्यावर अ‍ॅडम्स बाहेर गेला. दाराशी नवा उपराष्ट्राध्यक्ष जेफरसन सवयीने बाजूला सरकला, वॉशिंग्टनला पुढे जाऊ द्यायला. आठ वर्षांपूर्वी बॉस्टनमध्ये आधी कुणी यायचं यावर अडून बसलेला हा माणूस आता थांबला आणि त्याने जेफरसनला पुढे व्हायची खूण केली. जेफरसन कचरला. वॉशिंग्टन जागचा हलेना. शेवटी जेफरसन पुढे गेला आणि त्याच्या मागून, साधा नागरिक म्हणून, वॉशिंग्टन बाहेर पडला.